घागरीमागचा फोटो

आमच्या नात्यात कुणी गेलं की रडारड थांबायच्या आत माझा मोबाइल वाजतो. "ताई, नाना गेले. आधार कार्डाचा फोटो टाकलाय बघा. दहाव्याच्या आत होईल ना?" मग त्या आधार कार्डात दचकून बसलेल्या माणसाला मी चित्रात प्रेमळ, तृप्त, आयुष्यात कुणावर न खेकसलेला करून द्यायचं. चष्मा काढा. गंध लावा. टोपी घाला, पण नवी घाला. एका सुनेने तर सांगितलं, "सासूबाई जरा हसऱ्या दाखवा." त्या बाईला मी माझ्या लग्नापासून ओळखत होते. ती हयातीत एकदा जरी हसली असेल तर शपथ! तरी काढली हसरी. सगळे म्हणाले, अगदी हुबेहूब.

मी काही चित्रकार नव्हे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, तेवढंच शिक्षण. पुढे लग्न झालं, जळगावला आले. हे वरणगावला फॅक्टरीत. सकाळी डबा हातात दिला, ओटा पुसला की मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरते. एकदा ह्यांनी ब्रश धुतलेलं पाणी चहा समजून तोंडाला लावलं, तेव्हापासून माझा ग्लास वेगळा ठेवलाय. टेबलाच्या एका टोकाला रंग, दुसऱ्या टोकाला निवडायची मेथी. कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की रुखवत माझ्याकडे. गणपती आले की मखर माझ्याकडे. "तुझा हात फार छान आहे गं," असं म्हणून ब्लाउजपीस हातात ठेवतात आणि जातात. मी मात्र रावेरकडच्या केळीच्या बागेचं एक चित्र काढायला घेतलं होतं, ते कपाटामागे उभं आहे. पानं झाली, सावली राहिली. कंटाळा येतो हो. चित्रांचा नाही, लोकांच्या मेलेल्या माणसांचा.

तर अशातच शिमग्याच्या सुमाराला मायला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माय म्हणजे माझी आई. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात माझ्या भावाकडे असते. एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. डॉक्टरांनी दुसरा तपासला आणि सांगितलं, गेलं ते काही परत येणार नाही, राहिलंय तेही हळूहळू कमी होत जाईल, थेंब चुकवू नका. बांगडीतून बघावं तेवढंच तिला आता दिसतं. समोरच्याचं नाक दिसलं तर कान दिसत नाही.

परतताना एसटीत माय पिशवी उराशी धरून बसली होती. मला वाटलं घाबरली असेल. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "बठ्ठा गावना मरेल माणसे काढस तू. तुन्हा बापले कधी काढशी?"

आमच्या बापाचा एकही फोटो नाही. तो तापाने गेला तेव्हा मी रांगत होते. त्या काळी खेड्यात फोटो काढायला कोण जातंय, आणि लग्नात फोटोवाला आणायची ऐपत कुणाची? त्याच्याबरोबरची सगळी माणसं एकेक करून गेली. आता त्याला डोळ्यांनी पाहिलेली एकटी माय उरलीय.

"आखाजीले घागरमांगे ठेवसू," ती म्हणाली. "डोया शेत तवलोंग दखाडी दे." डोळे आहेत तोवर दाखव म्हणे.

अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात, निखाऱ्यावर तूप आणि घास सोडतात, त्याला आगारी म्हणतात. घरोघरी घागरीमागे गेलेल्या माणसाचा फोटो असतो. आमच्या घागरीमागे लहानपणापासून नुसती भिंत. शेजारी फोटोंना हार घालायचे आणि माय भिंतीला कुंकवाचं बोट लावायची. हे मी इतकी वर्षं बघत आले होते, पण तिला त्याचं काही वाटत असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग दर शनिवारी डबा करून मी सुरतच्या पॅसेंजरमध्ये बसायची. उन्हाळा, घामाच्या धारा, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. दोंडाईच्याला उतरलं की बाजारातल्या मिरचीचा ठसका लागायचा, तिथून रिक्षाने गाव. वहिनी चहा ठेवायची आणि मी मायसमोर पेन्सिल घेऊन बसायची. पोलीस कसं चोराचं चित्र काढतात, तसंच आमचं चाललं होतं.

"नाक कसं होतं?"

"नाकसारखं नाक."

"अगं माय, लांब, बसकं, पोपटासारखं?"

"व्हतं आपलं बरं."

डोळे विचारले तर म्हणे, दोन. मी आपलं अंदाजाने काढायची. भावाचं नाक, माझी हनुवटी, चुलत्याच्या मिशा. कागद तिच्या त्या एका डोळ्यापुढे धरायचा. ती मान वाकडी करून कोंबडीसारखी निरखून बघायची, बराच वेळ बघायची, आणि म्हणायची, "नही." मिशा बारीक केल्या. नही. गाल आत घेतले. नही. मी विचारायची, अगं काय चुकलं ते तरी सांग, की ती खिडकीकडे तोंड फिरवायची. संध्याकाळच्या गाडीने मी परत. घरी आलं की सिंकमध्ये भांडी, आणि मोबाइलवर कुणाच्या तरी आजोबांचं आधार कार्ड.

ह्यांनी एकदा म्हटलं, "कशाला एवढी दगदग करतेस? काढ कुणीतरी. त्यांना कुठे धड दिसतंय?" मी त्या दिवशी ह्यांना भाजी वाढली नाही. पण खरं सांगते, थकले होते. हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

भावाला विचारलं, बाप गेला तेव्हा तो चालता-बोलता होता. म्हणाला, "मला त्यांचे केस आठवतात. बाजाराला खांद्यावर बसवून न्यायचे ना. तेल लावलेले केस. वरून तोंड कसं दिसणार?" त्याने त्याच्या परीने उपाय काढला. मोबाइलवर कुठलं तरी ॲप घेतलं, माझा आणि त्याचा फोटो टाकला आणि म्हणाला, "घे, बाप तयार." गोरापान, गुळगुळीत, मालिकेतल्या सरपंचासारखा एक माणूस निघाला. मायने मोबाइल डोळ्याशी नेला, नीट पाहिलं आणि वहिनीला म्हणाली, "हाऊ कोन शे? याले चहा पाज." वहिनी हसून हसून ओट्याला टेकली. मलाही हसू आलं, आणि मग एकदम रडूच यायला लागलं.

होता होता आखाजी उद्यावर आली. मी आदल्या दिवशीच माहेरी गेले. दुपारी वहिनी सांजोऱ्या तळत होती, भाऊ घागर आणायला बाजारात गेला होता. मी आणखी एक चेहरा काढून मायपुढे धरला. मला तरी तो चांगला वाटला होता, कष्टाळू माणसाचा वाटला होता. तिने पाहिलं. "नही."

मग माझा संयम सुटला. "नही नही काय लावलंयस? सांगत काही नाहीस, नुसती मुंडी हलवतेस! उद्या आखाजी आहे. एकदा तरी नीट आठव ना गं, तुझा नवरा होता तो!"

माय पदराचं टोक चोळायला लागली. मग हळूच म्हणाली, "मी त्यास्ना तोंडकडे कधी दखंच नही."

मला आधी कळेचना. ती सांगत गेली. चौदाव्या वर्षी लग्न झालं. घरात सासरा, जेठ म्हणजे थोरले दीर, येणारीजाणारी माणसं. पदर हनुवटीपर्यंत. वाढायचं ते ताटाकडे बघून. तो पुरुषांत बसून जेवायचा आणि उजाडायच्या आत शेतात जायचा. नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी बाई निलाजरी म्हणायचे. रात्री दिवा मालवलेला. आणि एकांतातही मान वर करायची सवयच नव्हती, लाज वाटायची. "वाटे, दखसू कधीमधी. काय घाई शे? मंग ताप उना."

"अगं पण दोन लेकरं झाली तुम्हाला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लेकरे व्हवाले तोंड दखनं पडस का?" माय म्हणाली.

तळणीचा आवाज येत होता. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे इतके शनिवार ही बाई एकेक कागद डोळ्याशी नेऊन काय शोधत होती? मी विचारलं. ती म्हणाली, तुझा हात एवढा चांगला, सगळे म्हणतात. मला वाटायचं, एखाद्या वेळी तो कागदावर येईल आणि आला म्हणजे मला ओळखू येईल. "पन येकबी वयखाले नही उना, बेटा."

मला फार राग आला. मायचा नाही. त्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचा आला. काय मिळवलंत रे, एका पोरीला तिच्या नवऱ्याचं तोंड बघू न देऊन? आणि त्यातल्याच एका जेठाचं चित्र, फेटा बांधून, डोळ्यांत माया भरून, मीच काढून दिलं होतं. ते चुलतभावाच्या बैठकीत लटकतंय.

"मग तुला आठवतं तरी काय?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

मायने मान वर केली. तो शेतात निघायचा तेव्हा ती दाराआड उभी राहायची. सगळे झोपलेले. तो पाठमोरा, त्यामुळे बघणारं कुणी नाही आणि त्यालाही कळणार नाही. तेव्हा ती मन भरून बघायची. वळणापर्यंत बघायची. रोज.

मी कोरा कागद घेतला. आता तिला विचारावं लागेना, तीच सांगत सुटली. डावा खांदा जरा खाली. पंचा उजव्या खांद्यावर, अर्धा पाठीवर लोंबणारा. मान आखूड, "येवढी लांबी नही, कमी कर." टोपीखालून कान बाहेर आलेले, उजवा जास्त. धोतर पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं. चालताना एक वहाण घासायची, म्हणून त्या टाचेची धूळ कायम जास्त. मानेवर केसांच्या खाली एक मस, मुगाएवढा. मी काढत होते आणि ती कागदाला नाक लावून त्या बांगडीएवढ्या उजेडातून इंचाइंचाने तपासत होती. मस मी डावीकडे काढला तर माझ्या हातावर चापट मारली. उजवीकडे!

ऊन उतरलं तेव्हा चित्र झालं. घराबाहेरची वाट, आणि वाटेवर पाठमोरा चाललेला एक तरुण माणूस. आज माझा मुलगा आहे, त्याच्यापेक्षाही लहान. मायने कागद जवळ घेतला. यावेळी तिला वेळ लागला नाही.

"ह्याच शेत," ती म्हणाली. हेच आहेत.

भाऊ घागर घेऊन आला आणि चित्र बघून डोक्याला हात लावला. "पाठमोऱ्या माणसाला कुणी हार घालतं का? सकाळी भाऊबंद येतील, म्हणतील बाप रुसून बसलाय." मी म्हटलं, म्हणू देत. तो पुटपुटत राहिला, पण थोड्या वेळाने त्यानेच कपाटावरची एक जुनी फ्रेम काढून आतलं कॅलेंडरचं चित्र सोडवलं आणि काच पुसायला घेतली.

सकाळी घागर भरली. वर छोटं मडकं, त्यावर आंबा ठेवला. मागे भिंतीला टेकून फ्रेम. वहिनीने सांजोऱ्यांचं आणि आमरसाचं ताट मांडलं. दोन भाऊबंद खरंच आले, चित्राकडे बघून एकमेकांकडे बघितलं आणि गपचूप पाटावर बसले. भाऊ निखाऱ्यांपुढे बसला, माय त्याच्या शेजारी. मी तिच्या मागे. भावाने निखाऱ्यावर तूप सोडलं, घास ठेवला, धूर वर यायला लागला. धुराने मायला दिसेना, तशी ती हाताने धूर बाजूला करत फ्रेमजवळ सरकली.

आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याला हाक मारत नसत. अगदीच अडलं तर थोरल्या मुलाचा बाप म्हणून हाक द्यायची, तीही हळू. थोरला मुलगा तिच्या शेजारीच बसला होता. तिने त्याचं नाव घेतलं नाही.

"ओ पोरीना बाप," माय मोठ्याने म्हणाली, सगळ्यांसमोर, "इकडे दखा ना जराखं."