जुन्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी

विनायकराव गेल्याचं त्यांच्या मुलीनं पुण्याहून फोन करून सांगितलं. ते इथे बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत, मी सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला. तरी बातमी पुण्याला जाऊन मग माझ्याकडे आली...

जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते इंजिनिअर होते. ही नोकरी पुण्याच्या डिप्लोमावर मिळालेली. तरुणपणी जर्मनीत पाच वर्षं शिकले, पण वडील आजारी पडल्यावर परतले. फक्त प्रबंध राहिला. पुढे युरोपातल्या देशांनी मिळून उच्च शिक्षणाची घडीच बदलली. एका देशाची पदवी दुसऱ्या देशात चालावी म्हणून सगळीकडे आधी बॅचलर, मग मास्टर. विनायकरावांचा सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम बंद होणार होता. त्यांनी विद्यापीठाकडे चौकशी केली, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांसाठी एक शेवटची मुदत असल्याचं कळलं.

“नव्या पद्धतीत जा की,” मी म्हणालो. “जुने गुण धरून बॅचलर सहज देतील.”

“मास्तर, पाच वर्षं घासून तीन वर्षांचा कागद घेऊ? तुम्हीच घ्या!”

मी ग्रंथालयात काम करतो, म्हणून त्यांच्या लेखी मास्तर.

दोन वर्षं आम्ही दर रविवारी बेडोकच्या लायब्ररीत समोरासमोर बसलो. ते लिहायचे, मी वाचायचो. दुपार दुपार बोलणं नसे, पण तेवढी सोबत मला आठवडाभर पुरायची. मुदत संपायच्या आत प्रबंध गेला. तोंडी परीक्षा त्यांच्या फ्लॅटमध्ये, व्हिडिओवर झाली. श्रोता मी एकटा, आणि जर्मनचा एक शब्द कळेल तर शपथ. ते पास झाले.

गेल्या महिन्यात मुलगी फ्लॅट रिकामा करायला आली. कपाटात तिला प्रमाणपत्र सापडलं, ते घेऊन ती माझ्या घरी आली.

“काका, तारीख चुकलीय ना? ही डिग्री बाबांना माझ्या जन्माआधीच मिळाली होती.”

घरी त्यांनी तसं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं तो कागद जपून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “लिहा काका. आईलाही कळू दे.” आणि जाताना दारातून विचारलं, “पास झाल्यावर बाबांनी काय केलं?”

त्यांच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या एका टपरीवर आम्ही कॉफी घेतली. त्यांनी घरी लावायला फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला. लाइन लागत नसेल, असं मला वाटलं होतं... घरी सांगायची बातमी ते वीस वर्षांपूर्वीच सांगून बसले होते.