प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि अक्कांचे डबे

सीए माणसाकडे किस्से नसतात, असा लोकांचा समज आहे. पुण्यात ऑफिसला जात होते तोवर मलाही तो खरा वाटायचा! मग नवऱ्याची कर्नाटकात बदली झाली, आम्ही सर्जापूर रोडला आलो. ओळखीचं कुणी नाही. म्हणून सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आठवी ते दहावीच्या मराठी मुलांसाठी रविवारचा वर्ग काढला. कर, नफा, तोटा, भांडवल, एवढंच शिकवायचं. फी नाही. वाटलं होतं, दोन रविवारांत मुलं पळून जातील. मुलं टिकली आणि किस्से इतके साठले, की आता मी घरात पाऊल टाकलं की माझी चप्पल निघायच्या आत नवरा विचारतो, "आज काय म्हणाली पोरं?"

या शहरात मला माझी माणसं मिळाली ती या वर्गामुळे. त्या पोरांचे आभार मानायला गेले तर ती मलाच चिडवतील, म्हणून इथे सांगून टाकते.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही या वर्गाला का आलात?"

"मम्मीने पाठवलं," असं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. नववीतला अर्णव जरा प्रामाणिक निघाला. आईवडील दोघंही आयटीत, पुण्याहून आलेले. तो म्हणाला, "काकू, घरी वायफायचा पासवर्ड बदललाय."

शेवटच्या बाकावर दहावीतली वैष्णवी होती. बेळगावकडचं कुटुंब, पण बरीच वर्षं इथेच. ती म्हणाली, "आईचा धंदा बंद करायचा का चालू ठेवायचा, ते मला शिकायचंय."

तिची आई म्हणजे सगळ्यांच्या अक्का. एचएसआर लेआउटमधल्या पीजीत राहणाऱ्या मराठी मुलांना त्या ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी असा डबा देतात. डब्यांना मागणी भरपूर, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नव्हतं. म्हणून अक्कांनी ठरवलं होतं, दिवाळीचा महिना झाला की डबे बंद. मग बोम्मसंद्राला, नवरा कामाला आहे त्या कारखान्यात पॅकिंगला जायचं.

"आईला जायचं नाहीय तिकडं," वैष्णवी म्हणाली, "पण सांगणार कुणाला?"

वायफायवाला अर्णव ताठ बसला. "काकू, आपण आधी हेच शिकू या!"

मी म्हटलं, आधी पाया तर घालू. पण त्या दिवसापासून अक्कांचा प्रश्न आमच्या सगळ्यांचा झाला.

*

पाया म्हणजे कर. मी फळ्यावर लिहिलं, 'कर म्हणजे काय?'

अर्णवचा हात वर. "ते आई दिवसभर म्हणते ते! आंघोळ कर, होमवर्क कर, बेड नीट कर!"

हशा संपल्यावर मी कर म्हणजे टॅक्स हे सांगितलं आणि पुढे गेले. "त्याचे दोन प्रकार. प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर. फरक कोण सांगेल?"

"सोप्पंय, काकू! आई मला तोंडावर सांगते, 'अभ्यास कर', तो प्रत्यक्ष कर. आणि बाबांना म्हणते, 'अहो, जरा सांगा त्याला', तो अप्रत्यक्ष."

मी डस्टर शोधल्यासारखं करून पाठ फिरवली. कारण उत्तर बरोबर होतं! सरकार सांगतं दुकानदाराला आणि भार येतो आपल्यावर. त्यानंतर आजतागायत त्या वर्गात कुणाचंही हे उत्तर चुकलेलं नाही.

*

दुसरा धडा नफा-तोटा. "प्रत्येकाने घरातलं एक उदाहरण द्या," मी म्हटलं.

वैष्णवी म्हणाली, "आमच्या आज्जाचं गावाकडं मोठं तोट आहे."

अर्णवचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "सॉरी यार. लोन घेतलं होतं का?"

"लोन कशाला? विहीर आहे की."

"तोट्यात विहीर?"

"मग! पंप पण बसवलाय. यंदा आज्जानं अजून वाढवलं."

"मुद्दाम वाढवलं?"

"होय. नारळ लावला!"

कानडीत तोट म्हणजे बाग, हे समजेपर्यंत अर्णवने तिच्या आजोबांना वाचवायचा अर्धा प्लॅन वहीत लिहून काढला होता. तो त्याने खोडला नाही. म्हणाला, "असू दे, अक्कांना लागेल."

*

जीएसटीच्या तासाला प्रत्येकाने हॉटेलचं एकेक बिल आणलं होतं. मी दाखवलं, "हा सीजीएसटी, तो केंद्राकडे जातो. हा एसजीएसटी, तो आपल्या राज्याकडे."

"म्हणजे कर्नाटकाकडे?" अर्णवने विचारलं.

"हो. आपण खातो कुठे? इथेच ना!"

"आणि त्यातून रस्ते होतात?"

"रस्ते, शाळा, दवाखाने, सगळंच."

तो बिलाकडे बघत बसला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "काकू, सर्जापूर रोडसाठी मी अजून किती वडापाव खाऊ?"

त्या दिवशी बाजारातून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकून मीच वर्गाला उशिरा पोचले होते.

*

घसारा शिकवताना मी अक्कांचा मिक्सर घेतला. वापरून वापरून वस्तूची किंमत दरवर्षी कमी होते, ती खर्चात धरायची असते, वगैरे.

अर्णव म्हणाला, "आता कळलं! बाबा कितीतरी वर्षं एकाच कंपनीत आहेत. यंदा त्यांना हाइक कमी मिळाली. घसारा धरला असणार!"

संध्याकाळी त्याच्या बाबांचा मला फोन. म्हणाले, "मॅडम, शिकवताय छान. फक्त उदाहरणं जरा बघून घ्या."

*

दिवाळी उरकली आणि एका रविवारी अक्का स्वतःच वर्गात आल्या. सोबत सगळ्यांसाठी भाकरी आणि चटणी. इतकी चविष्ट चटणी मी पुण्यातही खाल्ली नव्हती, हे माहेरची माफी मागून सांगते.

मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चौकशी सुरू झाली. डबे किती, पीठ किती, भाजी, गॅस, पोचवायचा खर्च. अक्का सांगत गेल्या, मुलं फळ्यावर मांडत गेली. फळ्यावर चांगला नफा दिसायला लागला.

"पण हातात येत नाही, बाळ," अक्का म्हणाल्या.

"चोरी होते का?" अर्णव.

"ए, भाकरी कोण चोरतंय!"

"मग रोज भाकऱ्या किती थापता?"

अक्कांनी आकडा सांगितला. डब्यांच्या हिशेबापेक्षा तो कितीतरी जास्त होता.

"मग या वरच्या कुठे जातात?"

"त्या घरच्या."

"घरच्या म्हणजे?"

"हे, मी, वैष्णवी, सासूबाई. दीर आहेत. त्यांचा दोस्त इंटरव्ह्यूला आलाय. गावाकडनं कोण ना कोण दवाखान्याला येतंय. सगळी घरचीच की! घरचं कुठं हिशेबात धरायचं असतंय, ताई?"

धंदा वेगळा आणि घर वेगळं, धंद्यातून घरी नेलं त्याला उचल म्हणतात आणि तीही मांडायची असते, हे लिहायला मी खडू उचलला. पण वैष्णवी आधीच उभी राहिली होती. "आई, तुझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपलं घरच आहे. आणि ते फुकट जेवतंय!"

अक्का कानडीत "सरी", म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाल्या, रिकामे डबे पिशवीत भरले आणि गेल्या. दुखावल्या की पटलं, काहीच कळेना. वैष्णवीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. महिना संपायला आला होता, म्हणजे डबे बंद व्हायची वेळही.

*

पुढच्या रविवारी तास सुरू होता आणि दारात वैष्णवीचे वडील उभे! आजवर ते कधी आले नव्हते. चेहरा असा, की मला वाटलं, मुलीचं नाव वर्गातून काढायलाच आले.

"मॅडम, आमच्या घरात काय लावून दिलाय तुम्ही हे?"

"बसा ना," मी म्हटलं.

"बसत नाही. जेवायच्या टेबलावर हिच्या आईनं पैसे भरायचा स्कॅनर चिकटवलाय! हात धुतला की फोन काढायचा. मी, माझा भाऊ, त्याचा दोस्त, सगळ्यांनी. गावाकडनं काका आले, त्यांचा फोन साधा, तर त्यांचं पण माझ्याकडनंच घेतली!"

मुलांनी वह्या तोंडावर धरल्या.

"जरा कमी कर म्हटलो. तर म्हणाली, घरचे म्हणून चटणी फ्री!"

"मग तुम्ही पैसे दिलेत?" अर्णवने विचारलं.

"न देऊन जातो कुठं? तिच्या हातची भाकरी सोडून!" ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. "आणि आज सकाळी काय मागालीय, ऐका. म्हणाली, पुढच्या महिन्याचा अॅडव्हान्स द्या!"

शेवटच्या बाकावर वैष्णवी उठून उभी राहिली.

"पप्पा, आई काय म्हणाली? परत सांगा."

"अॅडव्हान्स द्या म्हणाली."

"ते नाही हो, त्याच्या आधीचं!"

"पुढच्या महिन्याचा."