ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही

मिस्त्रींचं अख्खं आयुष्य गुडघ्यांवर गेलं. फरशी बसवणारा माणूस सकाळी गोणपाटाची घडी अंथरून तिच्यावर गुडघे टेकतो तो जेवायलाच उठतो, आणि जेवून पुन्हा टेकतो. अडतीस वर्षं हेच. किती घरांत, किती दुकानांत त्यांच्या हातची जमीन लोकांच्या पायाखाली आहे, ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. बोटाच्या पेराने फरशीवर टकटक करायचे आणि खाली कुठे पोकळ राहिलंय ते डोळे मिटून सांगायचे. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या पिशवीत नाही असा एक दिवस गेला नाही. आणि एक नियम त्यांनी जन्मभर पाळला: नव्या फरशीवर सात दिवस पाय ठेवायचा नाही. मालक असो की मालकाचा बाप, दारात फळी आडवी लावून मिस्त्री स्वतः राखण बसायचे.

त्यालाही कारण होतं. ऐन उमेदीत एका वाचनालयाची फरशी त्यांनी लोकांच्या घाईला बळी पडून तिसऱ्याच दिवशी वापरायला दिली. खालचा सिमेंटचा माल आवळलाच नव्हता, महिन्याभरात अर्धी फरशी पोकळ वाजायला लागली. सगळी उखडून पुन्हा बसवावी लागली, आणि तीही चारचौघांच्या देखत. ती लाज मनातून कधी गेली नाही. "माणूस घाई करतो, माल घाई करत नाही," हे तेव्हापासून त्यांचं ठरलेलं वाक्य झालं.

साठी ओलांडली आणि उजव्या गुडघ्याने संप पुकारला. गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायला गेले तेव्हा बायकोलाही बरोबर नेलं, कारण तिचंही काही वेगळं नव्हतं. बालवाडीत मदतनीस म्हणून दिवसभर पोरांमागे खाली बसायचं नि उठायचं, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. इमारतीत सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. डॉक्टरांनी दोघांचे फोटो उजेडावर धरले आणि सांगितलं, "दोघांनाही गुडघा बदलावा लागणार. पण एकेकाने करा. एकजण आडवा पडला तर दुसरा उभा पाहिजे."

"मग आधी ह्यांचं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "माझं काय, मी भिंत धरून धकवते."

मिस्त्रीणबाईंची तारीख त्यानंतर चार महिन्यांनी ठरली.

मिस्त्रींचं ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीवर आले आणि आजाऱ्याला जरा हसवावं म्हणून म्हणाले, "काय मिस्त्री, तुम्ही फरशी बसवता ना, अगदी तस्साच सांधा बसवलाय. खाली सिमेंटचा मसाला लावला, दाबला, लेव्हल बघितली. तुमचं-आमचं काम एकच!" बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपण कोणाच्या डोक्यात काय पेरलं ते!

त्याच सकाळी नर्सने वॉकर पुढे ठेवून मिस्त्रींना उभं केलं. "अहो, काल बसवलंय आणि आज वजन टाकायला लावता?" त्यांनी विचारलं. नर्सला वाटलं, म्हातारा घाबरलाय. तिने काखेत हात घालून दोन पावलं चालवलंच. चार दिवस मिस्त्रींनी हू की चू केलं नाही, पण घरी आल्यावर ते स्वतःचे मालक होते.

घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओ आली. तरतरीत मुलगी, बोलायला गोड. टाच गादीवरून कशी मागे ओढायची, खुर्चीवर बसून पाय कसा दुमडायचा, सगळं करून दाखवलं. उशी गुडघ्याखाली घ्यायची नाही, टाचेखाली घ्यायची, हे तीनदा बजावलं. कपाटाच्या दारावर एक तक्ता चिकटवला: दिवसातून चार वेळा, केलं की खूण करायची. मिस्त्रींनी मान डोलावली. ती जिना उतरली आणि मिस्त्रींनी उशी गुडघ्याखाली घेतली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही. त्यांनी मनाशी हिशेब बांधला होता. जमिनीच्या फरशीला सात दिवस, तर माणसाच्या हाडाला निदान महिना. मसाला नीट आवळेपर्यंत हलवायचं नाही, भार द्यायचा नाही. संडासला जातानाही वॉकरवर आणि डाव्या पायावर झुलत जायचे. बायको सकाळी बालवाडीत गेली की पेन्सिल घेऊन तक्त्यावर चारही खुणा करून मोकळे! फिजिओने फोन केला, "काका, बघायला येऊ?" तर म्हणाले, "कशाला जिने चढता? अगदी वेळच्या वेळी चाललंय." आणि खरं सांगायचं तर दुखतही होतं, चांगलंच दुखत होतं. माणसाला नियमाआड भीती लपवता आली की तो नियम फार आवडायला लागतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चुकवली नाही, ती म्हणजे बर्फ. फरशीवर पाणी मारतात तसं हे, म्हणून त्यांना पटलं होतं. घरच्या फ्रिजमध्ये बर्फ धड जमत नसे, म्हणून मिस्त्रीणबाई सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीभर बर्फ आणायच्या. बेचाळीस पायऱ्या खाली, बेचाळीस वर.

चौथ्या आठवड्यात फिजिओ न विचारताच आली आणि कोन मोजला. दवाखान्यातून निघताना सत्तर अंश वाकणारा गुडघा आता पन्नासवर अडला होता. तिने पुन्हा मोजला. मिस्त्रीणबाईंनी भाबडेपणाने तक्त्याकडे बोट दाखवलं. एकही चौकोन रिकामा नव्हता.

डॉक्टरांनी नवा फोटो काढला. सांधा जागच्या जागी होता, पण पाय आखडला होता. "ऑपरेशनला दोन महिने पुरे होईपर्यंत नव्वद अंश वाकला पाहिजे," ते म्हणाले. "नाही वाकला तर परत भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. आणि तेवढ्यानेही होईल अशी खात्री मी देत नाही." डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करत होतात ना?" मिस्त्री मूग गिळून बसले. उत्तर दिलं ते बायकोने. "रोज करतात हो. मी बघते ना तक्ता."

इमारतीत बोभाटा झाला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "डॉक्टरनेच बिघडवलंय, मी सांगते." मिस्त्रींनी तेही तसंच चालू दिलं.

दोन दिवसांनी मिस्त्रीणबाई बालवाडीतून आल्या, पाणी प्यायल्या आणि भांडं खाली ठेवत म्हणाल्या, "मी फोन केला दवाखान्यात. माझी तारीख रद्द केली."

"का?"

"का काय? तुम्ही एवढं मन लावून सगळं केलंत, तरी पाय लाकडासारखा. माझ्यामागे तर नोकरी, घर. मला कुठे एवढा वेळ मिळणार? आहेत तेच पाय बरे. ढकलायचं असंच."

चोराच्या मनात चांदणं असतं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्रीणबाई बर्फ आणायला गेल्या आणि बराच वेळ झाला तरी परत आल्या नाहीत. मिस्त्री खाटेवर पडून जिन्याचा आवाज ऐकत होते. फरशीखालचं पोकळ ऐकणारे कान, पण महिन्याभरात त्यांनी तो जिना एकदाही नीट ऐकला नव्हता. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर, मग थांबणं. पुन्हा एक पाऊल. मग आवाज बंदच झाला. ते वॉकर ओढत दारापर्यंत गेले आणि दार उघडून खाली वाकून बघितलं.

मिस्त्रीणबाई मधल्या वळणावर पायरीवर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, आणि बर्फाची पिशवी स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवलेली. दोन-चार श्वास तशाच बसल्या. मग बर्फ वितळतोय हे ध्यानात येऊन घाईघाईने पिशवी उचलली, पदराने खालून पुसली आणि कठडा धरून उठायला लागल्या.

दारात नवरा उभा बघून त्या दचकल्या. "अहो, उठलात कशाला? काय हवंय?"

"मी एकही दिवस व्यायाम केला नाही," मिस्त्री म्हणाले. बायकोला आत येऊ देण्याइतकाही धीर त्यांना धरवला नाही. "घरी आल्यापासून एकही दिवस नाही."

"आणि त्या खुणा?"

"खोट्या. तू गेलीस की मीच ओढायचो."

मग सगळं सांगितलं: डॉक्टरांचं ते बोलणं, मसाला, महिनाभर थांबायचा हिशेब, भीती. सांगताना त्यांचं त्यांनाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. मिस्त्रीणबाईंच्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग बर्फ कशाला आणायला लावलात मला?"

त्या आत गेल्या, बर्फ मोरीत ओतला आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. संध्याकाळी मिस्त्रींनी स्वतः फिजिओला फोन लावला.

फिजिओने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण. "काका, तो मसाला टेबलावरच घट्ट होतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुम्हाला खोलीत आणलं तेव्हा तो दगड झालेला होता. आता जे आवळलंय ते तुमचं मांस आणि कातडी. ते थांबल्याने सुटत नाही, थांबल्याने आवळतं."

मिस्त्रींनी जन्मभर जे खरं मानलं ते इथे उलटं होतं.

मग सुरू झालं ते काम. मिस्त्रीणबाईंनी मिस्त्रींच्या कामाच्या पिशवीतून खडू आणि गुण्या काढला. खुर्ची अशी ठेवली की गुडघा काटकोनात वाकला तरच मिस्त्रींची टाच बरोबर फरशीच्या एका रेषेवर यावी. फरशीही त्यांचीच, वीस वर्षांपूर्वी बसवलेली. घोट्याला टॉवेल गुंडाळून टाच मागे ओढायची, दहा आकडे धरायची, खडूची खूण करायची. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी यायचं, दात आवळून ओढायचे. "ओरडा हवं तर," मिस्त्रीणबाई म्हणायच्या. "खालच्या वहिनींनाही कळू दे, कोणी बिघडवलं ते." पन्नासाचे साठ झाले, साठाचे पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तरवर पाय आठ दिवस अडून बसला, तेव्हा मात्र मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. तक्त्यावरच्या खुणा आता बायको करायची, स्वतः बघून. तिच्या तारखेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

दोन महिन्यांना चार दिवस उरले होते. त्या दुपारी टाचेने रेष ओलांडली. मिस्त्रीणबाई भिंतीला धरत, कण्हत खाली बसल्या आणि गुण्या गुडघ्याच्या कुशीत लावला. लोखंड मांडीलाही टेकलं आणि पोटरीलाही. पुरा काटकोन, नव्वद अंश.

दवाखान्यात ब्याण्णव भरले. "भूल नको आता," डॉक्टर म्हणाले. "पण मिस्त्री, गुडघे टेकून काम करायचं नाही. कधीच नाही." मिस्त्रींना ते आधीच कळलं होतं. तरी घरी येऊन गोणपाटाची घडी दाराबाहेर पाय पुसायला टाकली, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. अडतीस वर्षांचं काम होतं ते.

मिस्त्रीणबाई त्या गोणपाटाला पाय पुसून आत आल्या. "दवाखान्याचा नंबर कुठाय?" त्यांनी विचारलं. "तारीख परत देतात का बघते. पण माझा तक्ता तुम्ही भरायचा. आणि खरा भरायचा."

त्यांचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने वॉकर आणून ठेवला. मिस्त्रीणबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरलेली. सगळं माहीत असूनही शेवटी भीती ती भीतीच. "अहो," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "कालच बसवलंय हो. एक दिवस राहू द्या ना. सांगा ना त्यांना."

मिस्त्रींचा जीव गलबलला. राहू द्या, असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी हातातली काठी खाटेला टेकवली, बायकोसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"ठेव पाय," ते म्हणाले.

तिने ठेवला.