कोरड्या विहिरीचा फौजी

सन १९९८. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि सुरतच्या पांडेसऱ्यात माझ्याहून हट्टी माणूस एकच होता. आमच्या डाइंग मिलच्या गेटवरचा फौजी. वय अठ्ठावन्न, पण पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकण असून उपयोग नाही. मी दुसरी शिकलेला, शब्द मोजकेच येतात. तरी त्याच्यावर मीच लिहिणार. दुसरं कोण लिहील?

फौजी गूळ खात नसे. गुळाचा चहा आला तर कप तसाच परत. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणायचं काम. आमच्या खानदेशात त्या लोकांची रीत अशी की पाणी लागलं, तर पहिला गुळाचा खडा खणणाऱ्याच्या तोंडात. विहीर कोरडी निघाली, तर पुढची ओली निघेपर्यंत गूळ बंद. सैन्यातही त्याला खणायचंच काम मिळालं. चौऱ्याहत्तर साली तो पोखरणकडे होता. काय केलंस तिथं, असं विचारलं की एकच उत्तर, "विहीर खंदी. पानी नई लागनं."

विहीर खणली, पाणी लागलं नाही. त्या साली तिथल्या वाळूखाली काय फुटलं ते देशाला ठाऊक, शेंबड्या पोराला ठाऊक. पण जवानांनी आसपासच्या गावांना विहीर म्हणून सांगायचं, असा हुकूम होता म्हणे. तो हुकूम हा पठ्ठ्या चोवीस वर्षं पाळत बसला होता, सुरतेत, साडीच्या मिलच्या गेटवर!

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तिथंच पुन्हा स्फोट झाले. शेठनं पेढे वाटले. फौजीनं आपला पेढा माझ्या हातावर ठेवला, समोरच्या दुकानातून गूळ आणला आणि खडा तोंडात टाकला.

मी म्हटलं, "काय रे, लागलं वाटतं पाणी?"

"आबा, गाडी उनी शे. सरका बाजूला."

गाडीबिडी काही आली नव्हती.

पावसाळ्यानंतर माजी सैनिकांच्या एका मंडळाला अनुदान मिळालं. पोखरणच्या अणुचाचणीच्या कामावर राबलेल्या जवानांना औषधपाणी, आणि मंडळाच्या अंगणात त्यांच्या नावांचा दगड. फौजीची छाती तेव्हा भात्यासारखी वाजत होती. वाळू बसलीय म्हणायचा. मी त्याला ओढतच नेलं. फॉर्मवर एकच प्रश्न महत्त्वाचा होता. कोणतं काम केलं, ते जवानानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

फौजीनं सांगितलं, "विहीर खंदी."

कारकून गुजराती, सरळ पोरगा. "काका, एवुं ना चाले. काम लखावो."

"काम तेच होतं, साहेब. पाणी लागलं नाही."

बाहेर येऊन मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. गाढव ही त्यातली सगळ्यात गोड शिवी. तो खोकत खोकत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आबा, तोंड बंद कर म्हणणारा साहेब आला होता. उघड म्हणणारा अजून आला नाही."

"अरे, सरकारनंच जगाला सांगितलं!"

"जगाला सांगितलं. मला नाही."

मी काय ऐकणार! दुसरा फॉर्म आणला आणि त्याला न विचारता माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'बॉम्बचा खड्डा खणला.' सही कर म्हणून पुढं धरला. त्यानं वाचलं, चार तुकडे केले आणि चहावाल्याच्या शेगडीत घातले. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. चहा एकाच बाकड्यावर प्यायचो, दोन टोकांना बसून.

अबोला त्यानंच मोडला. म्हणाला, "आबा, खोकल्याला काही असेल तर आणा." मी सुंठ आणली, काढा आणला. मंडळाच्या डॉक्टरकडं चांगलं औषध पडून होतं, आणि हा माझ्या सुंठीवर जगत होता. दगडाला पाथरवट लागला, तेव्हाही म्हटलं, "अजून वेळ आहे रे." त्यानं नकाराची मान हलवली.

डिसेंबरात एका दुपारी खुर्चीतच गेला. ताठच. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कारकून माझ्या खोलीवर आला, हातात फॉर्म. "काका, माणूस गेला तर जवळच्यानं लिहून दिलेलं चालतं. दगडावर एक नाव बसेल एवढी जागा ठेवलीय. ते तुम्हाला काय म्हणाले होते, तेवढं लिहा."

मी चष्मा लावला. पोराला चहा दिला, तो संपला तरी माझं पेन उचललं गेलं नाही. मग लिहिलं, 'विहीर खणली. पाणी लागलं नाही.' खाली अंगठा नाही, सही केली, आणि फॉर्म त्याच्या हातात दिला.