नामदेव मिस्त्री आणि दोन सीटांची गाडी

नामदेव मिस्त्री पत्रा तपासायचे ते डोळे मिटून. उजव्या हातात जुना सुती पायमोजा चढवायचे, तळवा गाडीच्या अंगावरून सावकाश फिरवत न्यायचे, मध्येच थांबायचे आणि नेमका तिथे हातोडीचा हलका ठोका द्यायचे. मोजा कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. ते म्हणाले, "उघडा हात पत्र्याले चिकटते, साहेब. मोज्यातून केसाएवढा खड्डाबी समजते."

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नागपुरात एका विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून लागलो होतो. अपघात झालेल्या गाड्या पाहायच्या आणि दुरुस्तीला किती खर्च मंजूर करायचा ते लिहायचं, हे माझं काम. नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि आपल्याला गाड्यांतलं सगळं कळतं असा माझा समज होता. मिस्त्रींचं गॅरेज भंडारा रोडला होतं. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा त्यांच्यासारखा डेंटर शहरात दुसरा नाही, असं लोक सांगत.

त्यांच्याकडे धरमपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती. लाल, बिनछपराची, दोनच सीटांची, विलायती. भिवापूरहून परतताना रस्त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या चुकवायला म्हणून बाईंनी गाडी वळवली आणि ती पुलाच्या कठड्यावर गेली. बाईंना खरचटलंसुद्धा नाही, पण पुढच्या डाव्या मडगार्डचा चोळामोळा झाला.

मी अभ्यास करून गेलो होतो. त्याच कारखान्याची चार दारांची गाडीही तेव्हा रस्त्यावर दिसायची. इंजिन तेच, गिअर तेच, ब्रेकही तेच. म्हणून मी मडगार्डचा खर्चही त्या गाडीइतकाच लिहिला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. "मंग ते मडगार्ड घेऊन या न," एवढंच म्हणाले. मीही हट्टाला पेटलो. भंगारवाल्यांकडे हिंडून चार दारांच्या गाडीचं मडगार्ड शोधलं आणि रिक्षात घालून आणलं. त्यांनी ते लाल गाडीला लावून धरलं. वीतभर उंच, फुगीर, कुठूनही बसेना.

"इंजिन एक आहे, कबूल," मिस्त्री म्हणाले. "पण आंग येगळं आहे. पत्रा दाबाचा साचा लय महाग राहते, साहेब. चार दाराची गाडी सारेच घेतात, तं साच्याचा खर्च हजारो लोकाईत वाटला जाते. हे दोन सीटवाली कोन घेते? लाखात एखादा. साचा तेवढाच, वाटेकरी मूठभर. म्हणून महाग. अन् इथं तं साचाबी नाही. इथं मीच साचा."

"पण लोक घेतात कशाला मग?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "दिवसभर मी दुसऱ्यांच्या हाकेला ओ देते. घर ते दवाखाना ही दहा मिनिटं तेवढी माझी असतात. त्यात मागे सीट नाही, म्हणजे कुणाला बसवायलाही नको."

मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "आता लिहा. ते दहा मिनिटं कोनत्या पार्टात बसते?"

मी अंदाज बदलून हाताच्या मजुरीचा लिहिला. पुढचे नऊ दिवस कचेरी सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. रेतीच्या थैलीवर कोरा पत्रा ठेवून ते लाकडी हातोड्याने ठोकत राहायचे आणि त्या सपाट पत्र्याला हळूहळू गोलाई यायची. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, आतली बाजू कोण पाहतंय?" ते म्हणाले, "पाहाले कोनी नाही म्हणून सोडून देऊ काय?" त्यांनी आतले ठोकेही घासून साफ केले.

तेच त्यांच्या अंगाशी आलं. बिल पाहून आमचे मोठे साहेब स्वतः गॅरेजवर आले. वाकून मडगार्डची आतली बाजू त्यांनी न्याहाळली. एक ठोका दिसेना. "हे हाताचं काम? कारखान्यातला माल कुठून तरी मिळवलाय आणि मजुरी लावलीय. तुम्हा लोकांच्या सवयी आम्हाला माहीत आहेत."

'तुम्हा लोकांच्या' म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना कळलं. छप्पन साली मिस्त्रींनी गिरणी कामगार असलेल्या वडिलांसोबत दीक्षा घेतली होती. ते सोळा वर्षांचे होते तेव्हा. आता मान खाली घालायची ती फक्त कामापुढे, असं वडिलांनी त्या दिवशी सांगितल्याचं ते मला बोलले होते.

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काम होताना पाहिलंत?"

मी म्हणालो, "मी... रोज नव्हतो आलो, सर."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "बिल थांबवा. सात दिवस द्या."

सातव्या दिवशी ते रिक्षाने कचेरीत आले आणि साहेबांच्या टेबलावर एक मडगार्ड ठेवलं. हुबेहूब तेच, पण बिनरंगाचं, आतून-बाहेरून हातोडीच्या खुणांनी भरलेलं. "ठोके ठेवले आहेत, साहेब. मोजून घ्या." साहेबांनी कडेवरून बोट फिरवलं आणि सही केली. मिस्त्री मडगार्ड उचलून निघाले. मी जिन्यापर्यंत मागे गेलो आणि तिथूनच परत फिरलो. पुढे कामानिमित्त भेटलो की ते चहा पाजत, पण मला काम पाहायला बसा असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

मग माझी बदली झाली. पंचवीसेक वर्षांनी नागपूरला परतलो तेव्हा कळलं, गॅरेज बंद झालं आणि मिस्त्री हुडकेश्वरला मुलाकडे राहतात. मी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला ओळखून त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं. मी मनात जुळवून नेलेलं हळू आवाजात सांगायला लागलो.

"काय म्हणून राहिले?" त्यांनी कानामागे हात धरला. "जन्मभर पत्रा ठोकला न, कान गेले. मोठ्यानं बोला."

मी आवाज चढवला. तरी पोचेना. शेवटी उठून उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "मिस्त्री, मी रोज येत होतो! नऊही दिवस! मी साहेबांशी खोटं बोललो!"

समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला. मिस्त्री हाताला धरून मला खाली बसवत म्हणाले, "मले मालूम होतं गा. आता या लोकाईलेबी मालूम झालं." आणि आत वळून सुनेला हाक मारली, "पोरी, दोन कप च्या ठेव वं."

त्याच उन्हाळ्यात ते गेले.