आत्याने पुसलेल्या रेघा

आत्याच्या उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात मसुरीएवढी गाठ होती. दोन वर्षं ती तिला चामखीळच म्हणत होती. कर्जतला घरी बसून ती ब्लाउज शिवते. गाठीतून रक्त येऊन एका गिऱ्हाइकाच्या अस्तरावर डाग पडला, तेव्हा कुठे ती नगरला आमच्याकडे आली. तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा सहसा शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत जातो. गाठ काढायची आणि दोन भुवयांच्या मधली कातडी खाली वळवून पापणीचा कोपरा नव्याने बांधायचा.

कॅन्सरचं आत्याने फारसं मनावर घेतलं नाही. तिने मला एकच गोष्ट विचारायला सांगितली. "डोळा पुरता मिटंल का? न्हाई मिटला तर वाळत जाईल, मंग मशिनीवर बसायचं संपलंच."

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून डॉक्टरांशी मीच बोलायचं असं घरात ठरलं होतं. त्या शाळेत दहा वर्षं मी हजेरीपलीकडे फारसं तोंड उघडलं नव्हतं, हे घरी कुणाला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. उद्या विचारते, असं रोज सांगत राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी पट्टीने मोजून तिच्या कपाळावर आणि डोळ्याभोवती जांभळ्या पेनाने रेघा आखल्या. "थोड्या वेळात आत घेऊ," म्हणाल्या आणि गेल्या. मी पाण्याची बाटली भरून आणली, तोवर आत्या साबण लावून तोंड धुऊन आली होती. हातातला रुमाल जांभळा झाला होता.

"आत्या, हे काय केलंस?"

"आत जायचं तर तोंड नीट नको का? अगं, खडूची रेघ तशीच ठेवून कापड गिऱ्हाइकाच्या हातात देत न्हाईत."

"पण अजून कापायचंय. त्यासाठीच आखलं होतं."

तिने जांभळा रुमाल मुठीत दडवला. मग हळूच म्हणाली, "तूच सांग त्यास्नी. मला लाज वाटतीया."

मला तिच्यापेक्षा जास्त वाटत होती. पण उशीर केला तर तिला तशीच आत नेतील, या भीतीने मी जवळजवळ पळतच मॅडमना गाठलं. "आत्याने रेघा पुसल्या," म्हणाले. आणि तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही विचारून टाकलं. "तिचा डोळा पूर्ण मिटेल ना?"

"मिटायला हवा. त्यासाठीच मोजत होते," त्या म्हणाल्या आणि पेन घेऊन परत आल्या.

आत्या मान वर करून बसली. "मॅडम, जरा जादाच धरा. पानी लागलं की कापड आकसतं."

"कातडीपण आकसते. धरलंय जास्त."

"मंग तुमाला येतंय काम," आत्या म्हणाली. मॅडम हसल्या, त्यामुळे एक रेघ परत काढावी लागली.

आठ दिवसांनी टाके काढायला गेलो. गाठ कडेपर्यंत पूर्ण निघाल्याचा रिपोर्ट आला होता. भुवया मात्र एकमेकींजवळ सरकल्या होत्या. आत्याने आरशात पाहिलं. "मी तर कायमची रागावल्यागत दिसतीया. बरं झालं. आता उद्याच्या लग्नाचा ब्लाउज आज मागायला कुनी येनार न्हाई."

"डोळे मिटा," मॅडम म्हणाल्या.

आत्याने मिटले. "सुजंमुळं मला कळंना. तू बघ गं."

मी खाली वाकले. वरच्या पापण्या खालच्यांना टेकल्या होत्या. नव्या कोपऱ्यातही पांढरं काही दिसत नव्हतं. "पूर्ण मिटलाय," मी म्हणाले, ते इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या सिस्टर वळून बघायला लागल्या.

"उघडा आता," मॅडम म्हणाल्या.

आत्याने उघडले नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वाईच. लई दिवसांनी बिनघोर मिटलाय. आन् हितं गार बी हाय."