अक्काचं भ्या

"तुला कुणी पाठवलं?" नांदेडच्या दवाखान्यात अक्कानं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. मी तिची सख्खी धाकटी बहीण, घरून भाताचा डबा घेऊन गेलेली. तिनं झाकण उघडून वास घेतला अन् डबा बाजूला सारला... त्याच आठवड्यात ती गेली.

हिमायतनगरच्या पलीकडं, तिच्या सासरच्या गावात ती सरपंच होती. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा ती तयारच नव्हती. शेजारच्या शेवंताबाईनं तिला उभं केलं, स्वतःही सदस्य झाली. पंचायतीत दोघी जोडीनंच जायच्या. पाण्याची नवी टाकी झाली आणि ती बांधणारा गुत्तेदार बिलावर सहीसाठी आला, तेव्हा अक्का पदर खोचून शिडीनं वर चढली, आत उतरली आणि चिरा दाखवून सगळा गिलावा पुन्हा करायला लावला. गावभर तिच्या धाडसाचं नाव झालं. मीही कौतुक केलं, तर म्हणाली, "धाडस कशाचं गं? भ्या वाटतं लई. उद्या कुणाचं लेकरू आजारी पडलं तर नाव माझंच येतंय." या भीतीनंच तिच्याकडून चांगली कामं करून घेतली, असं मला आजही वाटतं.

पण पुढं अविश्वास ठरावाची कुजबुज सुरू झाली आणि तिला माणसांचंच भ्या वाटू लागलं. शेवंताबाई तहसीलमध्ये विरोधकांशी बोलताना दिसली, असं कुणीतरी कानावर घातलं. अक्कानं तिला विचारलंही नाही. जाणं-येणं बंद, बोलणं बंद. ठरावाच्या सभेत शेवंताबाईनं हात वर केला नाही, आणि तेवढ्या एका हातानं ठराव पडला. मी म्हटलं, "अक्का, आता तरी जा तिच्याकडं."

"आज न्हाई उचलला, उद्या उचलल," ती म्हणाली.

तेराव्याला शेवंताबाई आली, दाराशीच बसली. मी न राहवून तहसीलचं विचारलं.

"सुनेचं नाव रेशन कार्डावर चढवायला गेले होते, ताई. तिथं ते लोक भेटले, बोलले. गावातलेच हायत, तोंड फिरवू का?"

तिनं एवढं सरळ सांगितलं, तरी मी तिचा चेहरा न्याहाळत राहिले. अक्काचीच बहीण मी.

मग आम्ही दोघी अक्काची खोली आवरायला गेलो. बाज खिडकीला चिकटून होती. पडदा पूर्ण ओढलेला, पण बसल्यावर डोळे येतात तिथं त्याची कड बोटांनी धरून धरून काळी पडली होती. शेवंताबाईनं ती कड बाजूला केली. समोर तिचंच अंगण... चूल, तुळस, दोरीवरचं लुगडं.

"रोज बघत व्हती म्हना की मला," ती हळूच म्हणाली.

पाळत ठेवायला, की आठवण येत होती म्हणून? शेवंताबाई बराच वेळ त्या बाजेवर बसून राहिली, आपल्याच अंगणाकडं बघत.